दुभाष्याची परीक्षा

मैत्रिणींनो, पाककृती सांगताना 'एक वाटी रवा, दोन फुलपात्री पाणी' असं आपण किती सहज लिहितो! पण वाटी कुणाच्या घरची आणि फुलपात्र कुणाचं? एकीच्या घरची वाटी आमटीची, दुसरीची चटणीची. कागद एकच, पण एकीचा शिरा मोकळा होतो आणि दुसरीचा गिच्च गोळा. दोघीही ठासून सांगतात, "आम्ही अगदी लिहिल्याप्रमाणेच केलं हो!" आणि गंमत म्हणजे दोघींचंही खरं असतं.

तुम्ही म्हणाल, शिऱ्यावरून या बाईंना जायचंय तरी कुठं? जायचंय संगणकाकडे. पान उलटू नका! विषय नवा वाटला तरी त्यातली मेख आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे.

संगणकाला आपली मराठी कळत नाही की इंग्रजीही कळत नाही. त्याला कळतात फक्त शून्य आणि एक. माणसानं शून्य-एक लिहीत बसायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून आखीव-रेखीव भाषा बनवल्या गेल्या. कोबोल, पास्कल, सी, एडा ही त्यांची नावं. त्या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा जो दुभाष्या, त्याला म्हणतात कंपायलर. हा दुभाष्या म्हणजे कुणी माणूस नव्हे बरं का, तोही एक प्रोग्रॅमच. भाषा एक असली तरी दुभाषे अनेक असतात, कारण प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी कुणी ना कुणी आपापला दुभाष्या तयार करतं. भाषेचे नियम सांगणारा एक जाडजूड प्रमाणग्रंथ असतो, आणि प्रत्येक दुभाष्या म्हणतो, "मी अगदी ग्रंथात लिहिल्याप्रमाणेच करतो!"

तेव्हा त्यांची परीक्षा कुणीतरी घ्यायला नको का? ती घेण्यासाठी प्रश्नपत्रिकांचा एक मोठा गठ्ठा असतो, हजारो छोट्या छोट्या प्रोग्रॅमांचा. माझी भाची हेच काम करते. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी, पण बरेच दिवस नाशकातून, घरातूनच बसून काम. रात्री हा गठ्ठा यंत्रावर चढवायचा आणि सकाळी चहाच्या कपाबरोबर निकाल बघायचा. मी तिला एकदा विचारलं, "अगं, भाषेचे नियम लिहिलेलेच आहेत, तर मग दुभाष्या चुकतो कुठं?"

ती म्हणाली, "मावशी, 'परवा' म्हणजे कधी?"

खरंच की! 'परवा आले होते' आणि 'परवा येईन', शब्द तोच, पण मागचा दिवस की पुढचा हे आपण संदर्भानं ओळखतो. परक्या मुलखातून मराठी शिकून आलेला दुभाष्या तिथं हमखास घोटाळा करील. मग तिनं एक गणित घातलं. उणे सातला तीननं भागलं तर बाकी किती? भागाकार उणे दोन धरला तर बाकी उणे एक राहते. भागाकार उणे तीन धरला तर बाकी दोन राहते. ताळा करून बघा, दोन्ही उत्तरं बरोबर येतात! सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात यातलं कुठलं घ्यायचं हे दुभाषा बनवणाऱ्यावरच सोडलं होतं. १९९९ च्या प्रमाणानं 'बाकी उणे एक' असं ठरवून टाकलं. एडा भाषेनं तर दोन बाक्यांना दोन वेगळी नावंच देऊन टाकली, म्हणजे भांडण नको. आता विचार करा, गाडीच्या ब्रेकला हुकूम देणाऱ्या यंत्रात एका दुभाष्यानं एक अर्थ लावला आणि लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा होता, तर काय होईल?

या परीक्षांच्या इतिहासात दोन बायकांची नावं ठळक आहेत, म्हणून तर मला तुम्हाला हे सांगावंसं वाटलं. पहिली ग्रेस हॉपर. १९०६ साली जन्मलेली ही अमेरिकन बाई गणिताची प्राध्यापिका होती आणि पुढे आरमारात गेली. माणसाला वाचता येईल अशा शब्दांत प्रोग्रॅम लिहावा आणि यंत्राच्या बोलीत उतरवण्याचं काम यंत्रानंच करावं, हा तिचा हट्ट. १९५२ साली तिनं असा पहिलावहिला दुभाष्या चालवून दाखवला. कोबोल भाषा घडली ती याच विचारातून. १९६० च्या डिसेंबरात एक मोठी गंमत झाली. एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. एकाच कागदावरून दोन स्वयंपाकघरांत सारखाच शिरा उतरला म्हणा ना!

पण एकदा जमलं म्हणजे नेहमीच जमतं असं नाही. १९६६ साली निवृत्त झालेल्या हॉपरबाईंना पुढच्याच वर्षी आरमारानं परत बोलावून घेतलं. सांगितलं होतं सहा महिन्यांसाठी, त्या राहिल्या १९८६ पर्यंत! साठी ओलांडलेल्या या बाईंच्या हाताखाली कोबोलच्या दुभाष्यांची परीक्षा घेणारे प्रोग्रॅम तयार झाले. 'आमचा कोबोल अगदी प्रमाणाबरहुकूम आहे' असं विकणाऱ्यानं नुसतं म्हणून भागेना, परीक्षा देऊन दाखवावं लागलं.

दुसरी एडा लव्हलेस. कवी बायरनची ही मुलगी १० डिसेंबर १८१५ ला लंडनमध्ये जन्मली. आईबाप लवकरच वेगळे झाले आणि आईनं तिला हट्टानं गणित शिकवलं. लग्न झालं, तीन मुलं झाली. चार्ल्स बॅबेज यांनी एका गणिती यंत्राचा आराखडा केला होता. त्यावरचा एक फ्रेंच लेख एडानं १८४३ साली इंग्रजीत आणला आणि त्याला मूळ लेखाच्या तिप्पट लांबीची टिपणं जोडली. म्हणजे बघा, तीही आधी दुभाषीच! त्या टिपणांत यंत्रानं एक अवघड गणित कोणत्या क्रमानं करावं याचा तक्ता आहे, आणि त्यालाच पुष्कळजण जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणतात. त्या छापील तक्त्यात एके ठिकाणी भागाकार उलटा पडलाय. यंत्र कधी पुरं बांधलंच गेलं नाही, त्यामुळे तक्ता चालवून बघायचा प्रश्नच आला नाही. एडा १८५२ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेली.

सव्वाशे वर्षांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या लक्षात आलं की आपल्या निरनिराळ्या यंत्रांत साडेचारशेच्या वर भाषा आणि पोटभाषा नांदताहेत. एकीचं दुसरीला कळत नाही! तेव्हा एकच नवी भाषा करायची ठरली, स्पर्धा लागली, आणि फ्रान्समधल्या झाँ इश्बिया यांच्या गटाची भाषा १९७९ साली निवडली गेली. तिला नाव दिलं एडा. प्रमाणग्रंथाला क्रमांक दिला १८१५, म्हणजे तिचं जन्मवर्ष, आणि त्याला मंजुरी मिळाली १० डिसेंबर १९८० ला, तिच्या वाढदिवशी! रुक्ष सरकारी कागदांतही कुणीतरी हौशी असतं, नाही का?

खरी हुशारी तर पुढेच आहे. 'एडा' हे नाव संरक्षण खात्यानं स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं. ज्याला आपल्या दुभाष्याला एडा म्हणवायचं असेल त्यानं आधी परीक्षा उत्तीर्ण व्हायची. ही नावाची मालकी त्यांनी १९८७ मध्ये सोडली, पण तोवर परीक्षेची शिस्त अंगवळणी पडली होती. पहिला पास झाला तो न्यूयॉर्क विद्यापीठाचा, ११ एप्रिल १९८३ ला. तो इतका संथ होता की रोजच्या कामाला निरुपयोगी. पण अर्थ बरोबर लावत होता. परीक्षा खरेपणाची होती, चपळाईची नव्हती. आणि प्रमाणपत्रही कायमचं नाही हो! आपल्या वाण्याची वजनं वैधमापन खात्याचा माणूस ठरावीक मुदतीनं तपासतो आणि नवा शिक्का मारतो ना, तसंच. मुदत संपली की पुन्हा परीक्षा, तीही नव्या प्रश्नांची.

प्रश्नपत्रिका कशी असते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मजा वाटेल. प्रश्नांच्या जाती पाडलेल्या असतात आणि प्रत्येक प्रश्नाच्या नावातच त्याचा पत्ता असतो. पहिलं अक्षर जातीचं, पुढचे आकडे प्रमाणग्रंथातल्या प्रकरणाचे नि कलमाचे. 'सी' जातीचे प्रश्न स्वतःच स्वतःला तपासतात. प्रोग्रॅम चालतो आणि शेवटी 'पास', 'नापास' किंवा 'लागू नाही' असा शेरा देतो. 'डी' जातीचे प्रश्न बघतात की फार मोठ्या आकड्यांचं गणित दुभाष्या अगदी अचूक करतो का. मला सर्वांत आवडली ती 'बी' जात. यातले प्रोग्रॅम मुद्दाम चुकीचे लिहिलेले असतात! दुभाष्यानं त्यातली प्रत्येक चूक पकडून 'हे मी उतरवणार नाही' म्हणायला हवं. एक जरी सोडली तर नापास.

कळलं ना का ते? चाळणी घेताना आपण फक्त पीठ खाली पडतं का एवढंच बघतो का? खडा वर राहतो की नाही हे बघायला हवं. बरोबर ते बरोबर उतरवणारा दुभाष्या मिळणं त्या मानानं सोपं. चुकीला अडवणारा मिळणं कठीण.

आणखी एक युक्ती ऐका. दुभाषे फार हुशार झालेत. प्रश्नात 'पाच अधिक पाच' दिसलं की उतरवता उतरवताच मनात दहा करून टाकतात, म्हणजे यंत्रानं बेरीज केली की नाही ते कळतच नाही. म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनी पाच हा आकडा एका डबीत घालून द्यायला सुरुवात केली. डबीचं काम एवढंच की पाच घातले तर पाचच परत द्यायचे. पण दुभाष्याला आत काय आहे हे आधी कळत नाही, म्हणून त्याला खरोखर काम करावं लागतं. आपण मुलांना पाढा सरळ म्हणायला लावला तर ती गाण्यासारखा म्हणून टाकतात, मधूनच "सात आठे?" विचारलं की 'छप्पन्न' येतं की डोळे वर जातात, तेव्हा कळतं. तसंच हे!

आणि प्रश्नच चुकीचा असेल तर? त्याचीही सोय आहे. दुभाष्या बनवणारा ग्रंथातलं कलम दाखवून भांडू शकतो. त्याचं म्हणणं पटलं तर तो प्रश्न रद्द होतो आणि रद्द प्रश्नांची यादी उघडपणे छापतात. आजही ही एडाची प्रश्नपत्रिका कुणालाही फुकट पाहता येते. लपवाछपवी काही नाही.

आता आपल्या नाशिककरांचा याच्याशी संबंध काय म्हणाल, तर ओझर! १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग विमानांनी आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर नेलं. ती मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झाली. त्यानंतर महिन्याच्या आतच, १७ ऑक्टोबरला, ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. तेजसची रचनाच अशी आहे की संगणकाशिवाय ते हवेत स्थिर राहूच शकत नाही. वैमानिक दांडा हलवतो, ती खूण संगणकाकडे जाते आणि पंखांच्या झडपा संगणक हलवतो. एकावर भरवसा नको म्हणून असे चार मार्ग, प्रत्येकाला वेगळी वीज. त्यांना हुकूम देणारा मजकूर एडा भाषेच्या एका निवडक, सोवळ्या भागात लिहिलेला आहे. म्हणजे लंडनच्या त्या मुलीचं नाव आपल्या द्राक्षबागांवरून घोंघावत जातं म्हणायला हरकत नाही!

मात्र परीक्षा पास झाली म्हणजे सगळं निर्धास्त, असं समजू नका. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ हे नवंकोरं रॉकेट उडाल्यावर मिनिटभरही झालं नाही तोच फुटलं. त्यातला मजकूरही एडाचाच. दुभाष्याचा दोष नव्हता. जुन्या, कमी वेगाच्या रॉकेटसाठी लिहिलेला एक तुकडा तसाच नव्यात घातला होता, आणि नव्याचा आकडा इतका मोठा निघाला की त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना. चार माणसांच्या कुकरात दहा माणसांचा भात घातल्यासारखं! दुभाष्यानं जे लिहिलं ते इमानानं उतरवलं, पण लिहिणाऱ्यानं काय विसरलं ते त्याला कसं कळणार?

आणि प्रश्नपत्रिकेत जे विचारलेलंच नाही ते सापडत नाही. हे नाशिककर बागाईतदारांना कुणी शिकवायला नको. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल नाकारला गेला. इथं प्रयोगशाळेत तपासून, प्रमाणपत्र घेऊनच माल गेला होता. पण तपासायच्या औषधांच्या यादीत ते नावच नव्हतं! घरोघरी कर्ज झालं. पुढे यादीत ते नाव आलं. भाची म्हणते, आमच्याकडेही असंच असतं. प्रत्येक नवी चूक सापडली की तिच्यासाठी एक नवा प्रश्न गठ्ठ्यात घालायचा, म्हणजे तीच चूक पुन्हा दारातून आत यायची नाही.

आता हे सगळं मी इतक्या कळकळीनं का सांगते आहे ते सांगते. मागच्या वर्षी भाचीच्या कंपनीत नव्या दुभाष्याची तारीख ठरलेली होती. हजारो प्रश्नांत एकच नापास. वरिष्ठ म्हणाले, "त्याला 'लागू नाही' असा शेरा मार आणि पुढं चल." हिनं विचारलं, "सर, प्रमाणग्रंथातलं कुठलं कलम म्हणतं की हा लागू नाही?" उत्तर नव्हतं. दोन दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खोट सापडली. तेच ते उणे आकड्याचं प्रकरण, फक्त एका आडवळणाच्या जागी. तारीख आठवडाभर पुढं गेली, आणि पोरीला शाबासकीऐवजी 'फार ताणून धरते' असा शेरा मिळाला.

त्याच सुमारास एक चांगलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर गंगापूर रोडला, माणसं सालस. चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तू नक्की काय करतेस ग?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू स्वतः काही बनवत नाहीस, दुसऱ्याचं तपासतेस. मग लग्नानंतर सोडायला काही अडचण नसावी." बोलण्यात कुठं उपहास नव्हता हो, साधा सरळ प्रश्न होता. म्हणूनच तो जास्त लागला. माझी बहीण ओठ दाबून बसली होती. भाची म्हणाली, "काका, बनवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, म्हणून मी आहे. नोकरी मी सोडणार नाही." आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही.

स्थळ पुढं सरकलं नाही. बहीण पंधरा दिवस धुमसत होती. "थोडं गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" हे तिचं पालुपद. मी तिला म्हटलं, "ताई, पोरगी गोडच बोलली. फक्त 'लागू नाही' म्हणाली नाही." बहिणीला ते पटलंय असं मी म्हणणार नाही. पण परवा (मागचा परवा बरं का!) तिनं कुणाला तरी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "आमची मुलगी भाषांच्या परीक्षा घेते." आवाजात चक्क ऐट होती.

मैत्रिणींनो, तपासण्याचं काम डोळ्यांत भरत नाही, कारण ते नीट झालं तर काहीच घडत नाही. दूध नासलं नाही, गॅस उघडा राहिला नाही, औषधाची बाटली मुदतीबाहेरची निघाली नाही. घडलंच नाही त्याचं कौतुक कोण करणार? रात्री झोपण्यापूर्वी गॅसचं बटण पुन्हा एकदा बघून येणाऱ्या बाईला घरातली मंडळी 'संशयी' म्हणतात, हा अनुभव तुम्हाला असेलच. तेव्हा तुमच्या मुली, सुना, भाच्या असलं काही काम करत असतील, तर 'नुसतं तपासणं' हे शब्द निदान आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. तिला विचारा, आज कोणता प्रश्न नापास झाला आणि तो कसा सापडला. ती सांगेल आणि तुम्हाला समजेलही, माझी खात्री आहे.

हॉपरबाईंचा जन्मदिवस ९ डिसेंबरचा आणि एडाचा १० चा. यंदा त्या दोन दिवसांत घरी काही गोड करा. मुलींना या दोघींची गोष्ट सांगा, आणि उणे सातची बाकी घालून त्यांना थोडं भांडूही द्या.